गायकाचा खर्च शून्य

१२ जानेवारी २०२५, रविवार

नम्रता हो म्हणाली. म्हणजे तिचं हो म्हणणं असतं तसं. "एकदाचा काढून टाक तो अल्बम, म्हणजे दर वर्षी ऐकायला नको. पण साडेतीन लाखांच्या वर एक रुपया नाही. आणि माझ्या पगाराला हात लावायचा नाही." बायको मूळची पुण्याची. कौतुक करायची वेळ आली की तिला गॅसवरचं दूध आठवतं. आमच्या वाशिमला एवढ्या परवानगीवर लोकांनी पेढे वाटले असते.

ही डायरी अल्बमपुरती. रोज लिहिणं काही व्हायचं नाही, वाघोली ते हिंजवडी बसमध्येच माझं निम्मं आयुष्य चाललंय. पण पुढेमागे कोणी मुलाखत घेतलीच तर तारखा हाताशी असाव्यात.

दुपारभर बसून बजेट केलं. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढतोय, स्वतःच्या बजेटमध्ये राहू देणार नाही. आठ गाणी होती, सहाच ठेवली. संगीत संयोजन नव्वद हजार, वादक पंचाहत्तर, स्टुडिओच्या आठ-आठ तासांच्या बारा शिफ्ट चौऱ्याऐंशी, शेवटी सगळे आवाज नीट बसवायचं काम, म्हणजे मिक्सिंग, अठ्ठेचाळीस, मुखपृष्ठ आणि प्रसिद्धी चाळीस. उरलेल्यात किरकोळ. आणि 'गायक' या नावापुढे शून्य. लोक गायकावर पाऊण लाख घालवतात, माझा गायक घरातलाच आहे.

खरं सांगायचं तर सगळा खटाटोप त्या शून्यासाठीच आहे. छत्तीस पूर्ण झाली. कॉलेजच्या गॅदरिंगपासून गातोय. माझी गाणी माझ्या आवाजात निघावीत एवढी एकच इच्छा आहे. बाकी सगळं तडजोडीचं असलं तरी चालेल.

१९ जानेवारी, रविवार

भवानी पेठेत शहेजादभाईंकडे गेलो होतो. मागे आमच्या कंपनीच्या कार्यक्रमात त्यांनी माझ्या गाण्याला तबला वाजवला, तेव्हापासूनची ओळख. पन्नाशीचे आहेत. तबला हे त्यांचं प्रेम, पोट मात्र संगीत संयोजनावर चालतं. कुठल्या गाण्यात कुठलं वाद्य, कुठे काय वाजायचं, ते हेच ठरवून देतात. एका गाण्याचे वीस हजार म्हणाले, मी पंधरावर आणलं.

सहाही गाणी म्हणून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. मग म्हणाले, "योगेशभाऊ, चाली सुंदर आहेत. शब्द तर फारच. आवाजाचं काय ठरवलंय?"

"म्हणजे?"

"गाणार कोण?"

"मीच की."

"अच्छा," म्हणाले आणि चहात बिस्किट बुडवून बराच वेळ धरून बसले. ते तुटून आत पडलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. कलाकार माणूस, चालीत गुंगला असणार.

मग डमीचा विषय निघाला. डमी म्हणजे कच्चं गाणं. वादकांना अंदाज यावा म्हणून कोणीतरी आधी गाऊन ठेवतं, नंतर खरा गायक गायला की ते पुसून टाकतात. मी आठवडाभर ऑफिसात, म्हणून डमी त्यांची भाची गाईल, गाण्यामागे पाचशे रुपये. तीन हजारांत माझ्या सुट्ट्या वाचत असतील तर वाईट काय? किरकोळमधून वळते केले.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिली शिफ्ट. स्टुडिओ विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून आत, एका इमारतीच्या तळघरात. विमानतळ जवळ आहे. साध्या विमानाचा आवाज भिंती अडवतात, पण लढाऊ विमान उडालं की काचेपलीकडून रतन काळोखे हात वर करतो आणि सगळे गप्प उभे राहतात. स्टुडिओ त्याचाच, रेकॉर्डिंगही तोच करतो. विमानांमुळे इथे शिफ्ट सात हजारांत मिळते, कोथरूडला बारा मागत होते. विमानांचे आभार मानायला हवेत.

शहेजादभाईंची भाची, तरन्नुम, तेवीसएक वर्षांची असेल. शाळेत गाणं शिकवते आणि पाच-सहा संगीतकारांकडे डमी गाते. "आत्तापर्यंत किती गायलीस?" मी सहज विचारलं.

"शंभरेक असतील, सर."

"कुठे ऐकायला मिळतील?"

"कुठेच नाही. सगळी पुसली."

मला हसू आलं. काम म्हणून कसं सरळ सांगितलं तिने.

माझी पट्टी, म्हणजे गायला धरायचा पेटीवरचा सूर, काळी एक. तिला ती फार खाली जात होती. बरंच वर, काळी चारमध्ये म्हणू का, असं तिने विचारलं. मी नको म्हटलं, माझ्यासमोर माझ्याच पट्टीत होऊ दे. हरकतीही घेऊ नकोस, सरळ म्हण. दोन गाणी जेवणाच्या आत झाली. रतन म्हणाला, "आज गरम जेवायला मिळालं." तयारी चोख असली की काम असं होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

शहेजादभाईंचा निरोप: काल एका शिफ्टमध्ये उरलेल्या चार गाण्यांची डमी झाली, तरन्नुमने तिच्या सोयीने गायली आहे, एकदा ऐकून घ्या. ऐकायला वेळ कुठे आहे? ऑफिसात आग लागल्यासारखी परिस्थिती. आणि जे पुसायचंच आहे ते ऐकून करायचं काय?

९ फेब्रुवारी, रविवार

काल आणि आज माझं गायन. दोन शिफ्टमध्ये एका गाण्याचा मुखडा आणि एक अंतरा. कारणं लिहून ठेवतो म्हणजे पुढच्या वेळी काळजी घेता येईल. काल एसी फार थंड होता. हेडफोनमध्ये तबला मोठा होता. विमानं पाचदा आली. आज दुपारच्या मिसळीने घसा बसला.

संध्याकाळी रतनने काचेतून विचारलं, "शिफ्ट संपली. पुढची लावायची का?"

"लावावी लागेल. विमानांनी फार वेळ खाल्ला हो."

"पाच विमानं म्हणजे दहा मिनिटं," तो म्हणाला. "पण लावा. स्टुडिओ माझाच आहे."

या माणसाला काही कळतं की नाही कोण जाणे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मंगळवारी सुट्टी टाकून आणखी एक शिफ्ट केली. पहिलं गाणं जवळजवळ झालं. आज घरून काम होतं. कॉल संपवून हेडफोन काढला तर स्वयंपाकघरात माझाच फोन वाजत होता. नम्रता कणीक मळताना माझं 'उन्हाळा' नावाचं गाणं ऐकत होती. मला बघून म्हणाली, "ही कोण?"

"डमीवाली."

"परत लाव. माझे हात भरलेत."

लावलं. ऐकता ऐकता तिचे हात थांबले होते. मग उत्साहाने मी माझं तयार गाणंही लावलं. तिने पूर्ण ऐकलं, म्हणाली, "छान आहे. कुकर लावते." म्हणजे माझ्या गाण्याची चाल तिला चांगलीच आवडलेली दिसते, डमीतसुद्धा.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल माझ्या गायनाची चौथी शिफ्ट, आज पाचवी. दुसरं गाणं निम्मं.  माइकसमोर उभा राहिलो की गाण्याच्या आधी सात हजार दिसतात. काचेपलीकडे रतन आणि शहेजादभाई एकमेकांशी बोलत असतात, ओठ हलतात आणि मला काही ऐकू येत नाही. मग रतन बटण दाबतो आणि म्हणतो, "पुन्हा."

सूर दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर त्याच्याकडे आहे. मी म्हटलं, वापरा की ते. तो म्हणाला, "सूर जवळपास असला की ओढून आणता येतो."

"मग?"

"जवळपास असला की."

घरी येताना रिक्षात ठरवलं, गुरुवार-शुक्रवार रजा टाकायची. मॅनेजरने तोंड वाकडं केलं तर करो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन गाणी पूर्ण. दोन गाणी माझ्या आवाजात, अखेर. सात शिफ्ट गेल्या हे खरं, पण आता सराव झालाय, पुढची चार भराभर होतील. आनंदात शहेजादभाईंना मिठी मारली. ते माझ्या पाठीवर थोपटत राहिले, म्हणाले, "मेहनत केलीत, योगेशभाऊ." डोळे मात्र जमिनीकडे.

उद्या बासरी आणि सतार. सतारवाले मिरजेहून एका दिवसासाठी येतायत. दोन शिफ्ट सलग लावल्यात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नेमकं आज ऑफिसला जावं लागलं. एका कानाला अमेरिका, दुसऱ्या कानाला शहेजादभाई.

"योगेशभाऊ, उरलेल्या चार गाण्यांची पट्टी कुठली ठेवू?"

"डमीत आहे तीच."

"ती तरन्नुमच्या सोयीची आहे."

"हो हो. डमीप्रमाणेच जाऊ द्या. सतारवाल्यांना खोळंबून ठेवू नका."

"नक्की ना?"

"नक्की हो."

रात्री निरोप आला, सगळी गाणी वाजवून झाली. मी नसताना काम वेळेत झालं, याचा अर्थ माझं नियोजन बरोबर होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

काय लिहू?

माइकसमोर उभा राहिलो. 'उन्हाळा'ची बासरी सुरू झाली, इतकी देखणी की मी स्वतःशीच हसलो. आणि गायला तोंड उघडलं तर पट्टी माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी. काळी चार. दुसरं गाणं लावलं, तिसरं, चौथं. चारही काळी चारमध्ये. वर जाऊन पाहिलं, आवाज फाटला. खालच्या सप्तकात पाहिलं तर शब्दच ऐकू येईनात. रतनने सॉफ्टवेअरने सगळं खाली ओढून दाखवलं, तर बासरीला सर्दी झाली आणि सतार रबराची वाटायला लागली. कीबोर्डची पट्टी बटणावर बदलते. माणसाने वाजवलेल्या वाद्याची नाही बदलत. एवढं मलाही माहीत आहे.

बारा शिफ्ट संपल्या. वादकांचे पैसे देऊन झाले. हातात अठ्ठ्याऐंशी हजार आहेत, मिक्सिंगचे आणि प्रसिद्धीचे. चार गाणी पुन्हा वाजवून घ्यायची तर शिफ्ट धरून चौसष्ट हजार, वर माझं गायन. मिक्सिंगला काही उरतच नाही. आणि तीन मार्चपासून रतनने स्टुडिओ एका मालिकेच्या डबिंगला दोन महिने दिलाय.

शहेजादभाईंना म्हटलं, "माझी पट्टी तुम्हाला माहीत होती."

"होती."

"मग?"

"दोनदा विचारलं. मालक तुम्ही."

ते आवाज चढवत नव्हते, म्हणून मी चढवला. "तुम्हाला तुमच्या भाचीला पुढे करायचं होतं. सरळ सांगा ना तसं."

 त्यांनी तबल्यावर गवसणी चढवली, दोऱ्या बांधल्या, रतनला "निघतो" म्हणाले आणि जिना चढून गेले. रतन स्क्रीनकडे बघत बसला. मीही निघालो. फाट्यावर विमान गेलं, लोक वर बघत होते, मला शिव्या सुचत होत्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नम्रताला सांगितलं. वाटलं, निदान आज माझ्या बाजूने बोलेल. कट आहे हा, मी म्हटलं. मामा-भाचीचा कट.

ती म्हणाली, "बारा शिफ्टपैकी तुझ्या गाण्याला किती गेल्या?"

"सात. कालची धरून आठ."

"आठ सत्ते छप्पन्न."

"काय छप्पन्न?"

"हजार. गायक फुकट आहे म्हणाला होतास ना?"

जेवलो नाही. तिनेही आग्रह केला नाही, ताट झाकून ठेवलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र, ऑफिसला सुट्टी. दुपारी साबुदाण्याची खिचडी खाऊन गच्चीवर जाऊन बसलो आणि तरन्नुमची चारही गाणी पहिल्यांदा नीट ऐकली. चुका काढायला ऐकली, हे कबूल करतो. वही नाही, पेन नाही, पण चुका काढायचं मला पेनाशिवाय जमतं. शहेजादभाईंना ऐकवायच्या होत्या.

'उन्हाळा'च्या दुसऱ्या अंतऱ्यात एक ओळ आहे: सावलीत बसूनसुद्धा सुटत नाही उन्हाची सवय. 'सुटत नाही'नंतर एक थांबा बांधला आहे मी. बारा वर्षांपूर्वी, पुण्यात नवीन होतो, तेव्हा बांधला. तिथे मला नेहमी श्वास घ्यावा लागतो, म्हणून तो थांबा कधी कोणाला ऐकूच गेलेला नाही. दम लागला असंच वाटतं. तिने तो थांबा घेतला. श्वास न घेता, नुसता. सगळं गाणं तिथे क्षणभर उभं राहिलं आणि मग पुढे गेलं.

मला रडू आलं. शेजारच्या बाई पापड उचलायला आल्या होत्या, त्या तशाच परत गेल्या. इतकं चांगलं गाणं मी केलंय हे मला माहीत नव्हतं. आणि ते मला गाता येत नाही हेही. दोन्ही एकदमच कळलं आणि दोन्हीतलं कुठलं जास्त लागलं ते सांगता येणार नाही.

पण आवाज माझा नाही तर मग मी कुठे आहे त्यात?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तरन्नुमला फोन केला. ती शाळेत होती, मागे मुलांचा गलका. म्हटलं, तुझी डमी चांगली झाली आहे, तीच ठेवावी म्हणतोय. वाटलं, खूश होईल.

"रविवारी मामूंना तुम्ही काय बोललात ते मला कळलंय, सर," ती म्हणाली. "मामूंनी नाही सांगितलं. रतनदादांनी सांगितलं."

मी चुकलो म्हणालो. पुटपुटलोच खरं तर.

"मला नका सांगू, त्यांना सांगा." मग म्हणाली, "आणि डमी मी देणार नाही."

"का?"

"डमी मी अर्ध्या आवाजात गाते. पाचशे रुपयांत घसा कशाला घालवू? खरं गाणं हवं असेल तर परत गाईन. एका गाण्याचे दहा हजार, गाण्याच्या आधी. नाव मुखपृष्ठावर, तुमच्याएवढ्याच अक्षरात. आणि शनिवारीच. संध्याकाळी चंद्र दिसला तर रविवारपासून रोजे. रोज्यात मी माइकसमोर उभी राहत नाही."

"निम्मे आधी, निम्मे नंतर चालतील का?"

"डमीचे पैसे सगळे नंतरच देतात, सर," ती म्हणाली. "आठवी ब वाट बघतेय, ठेवते."

अर्ध्या आवाजात. म्हणजे मी गच्चीवर जे ऐकून रडलो ते अर्धंच होतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बसमध्ये हिशेब मांडला. तरन्नुमचे चाळीस, शिफ्टचे सात, सहा गाण्यांच्या मिक्सिंगचे अठ्ठेचाळीस. होतात पंच्याण्णव, आहेत अठ्ठ्याऐंशी. प्रसिद्धी तर मी केव्हाच उडवली. आता कापायला उरलीत ती फक्त गाणी. तिच्या चारांतलं एखादं कापायचं, नाहीतर माझ्या दोनांतलं. हिंजवडी येईपर्यंत मी तिच्या चारांतलं कुठलं कापावं याचाच विचार करत होतो. हे लिहितानाही लाज वाटते.

घरी आल्यावर जे कधी मागणार नाही म्हणालो होतो ते मागितलं. "नम्रता, वर दहा हजार देशील? सहाही गाणी बसतात मग."

वाटलं, आता टोमणा येणार. ती म्हणाली, "देईन."

मी खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"तू मागतोयस तर देईन. पण एक सांग. ती तुझी दोन गाणी तू तिच्या चारांच्या शेजारी लावून ऐकलीस का?"

नव्हती ऐकली. ती उठून भाजी चिरायला गेली, मुद्दामच. मी हॉलमध्ये बसून एकामागून एक सहाही लावली. पाचव्याला, म्हणजे माझ्या पहिल्याला, सुरुवातीच्या चार ओळींतच मला उठून ते बंद करावंसं वाटलं. बंद केलं नाही, शिक्षा म्हणून पूर्ण ऐकलं. सात शिफ्ट रतन आणि शहेजादभाई काचेपलीकडे बसून हे ऐकत होते. त्यांनी एकदाही माझी थट्टा केली नाही.

स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "दहा हजार नकोत. चारच गाण्यांचा अल्बम."

"बरं," ती म्हणाली. आणि मग मी काही न मागता, "चालीही तुझ्याच आहेत, शब्दही. ते दुसऱ्या कोणाला जमत नाही." भाजी चिरत चिरतच म्हणाली, पण म्हणाली.

शहेजादभाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलंच मी, "मुद्दाम केलंत का पट्टीचं?"

 ते म्हणाले, "उद्या दहाला या. येताना पोरीसाठी गरम पाणी आणा, रतनकडची किटली बिघडली आहे."

१ मार्च, शनिवार

पैसे तरन्नुमला आधी दिले. तिने मोजून पर्समध्ये ठेवले. मी मागच्या खुर्चीवर बसलो, काचेच्या या बाजूला, पहिल्यांदाच. इथून माइकसमोरचा माणूस फार एकटा दिसतो.

आणि ती अख्ख्या आवाजात गायली. त्याबद्दल मला नीट लिहिता येणार नाही. रतनने एकदाही "पुन्हा" म्हटलं नाही. विमान आलं, त्याने हात वर केला, ते गेल्यावर तिने तिथूनच उचललं. जेवणाआधी तीन गाणी झाली.

'उन्हाळा' शेवटी ठेवलं होतं. ते तिने पूर्ण गायलं आणि शहेजादभाईंनी मान हलवली. झालं असं सगळ्यांना वाटलं. मला नाही वाटलं. गप्प बसायचं ठरवून आलो होतो. माझ्या गाण्याबद्दलच्या मतांवर खर्च पुष्कळ झालाय. पण तिनेच हेडफोन काढला आणि काचेतून माझ्याकडे बघत विचारलं, "सर, काहीतरी राहतंय ना?"

रतनने बटण माझ्याकडे सरकवलं. मी दाबलं. "ती उन्हाच्या सवयीची ओळ. तू फार दुःखात म्हणतेस."

"दुःखाचीच आहे ना?"

"नाही. दुःख नाही ते, खोड आहे. आमच्याकडचा माणूस इथे वीस वर्षं राहिला तरी मे महिन्यात दुपारी उगाच गॅलरीत जाऊन उभा राहतो. बायको विचारते काय करतोस, तर तो स्वतःच जरा हसतो. त्यातलं आहे ते."

 मग दार उघडून धरलं तिने. "असं सांगून नाही कळणार. आत येऊन म्हणून दाखवा."

"माझ्या आवाजात?"

"मग कोणाच्या? मला दिशा पाहिजे फक्त, मागे वाद्य नको."

शहेजादभाईंकडे पाहिलं. ते म्हणाले, "जा की."

आत गेलो. हेडफोन नाही, तबला नाही, पट्टी माझी. ती शेजारी हात बांधून उभी, माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ती ओळ म्हटली. आवाज कापरा होता, 'सुटत नाही'पाशी श्वास घ्यावा लागला, तरी ते हसू आलं त्यात. दुसऱ्यांदा म्हणायला लावलं तिने, मग तिसऱ्यांदा. मग म्हणाली, "कळलं, सर," आणि स्वतःशी गुणगुणत हेडफोन चढवला.

बाहेर आलो. रतनचं बोट कीबोर्डवर होतं. "तुमचं आतलं रेकॉर्ड झालंय चुकून, माइक चालू होता," तो म्हणाला. "ठेवू का?"

काचेपलीकडे तरन्नुम तयार उभी होती.

"तिला एकदा ऐकवा," मी म्हटलं. "मग पुसा."